चिंचवडचा जुना वन बीएचके घेऊन रिनोव्हेट करून विकायचा, जमेल का?

नवखा_पिंचि
नमस्कार मंडळी, प्रॉपर्टीत पहिल्यांदाच पडतोय म्हणून विचारतो. चिंचवडला १९९४ची बिल्डिंग आहे, तीन मजले, लिफ्ट नाही, सर्वात वरच्या मजल्यावरचा वन बीएचके ४२ लाखाला मिळतोय. मालक म्हातारे आहेत, मुलाकडे चाललेत, त्यामुळे आतून सगळं जुनंच आहे, मोझॅक टाइल, कडप्प्याचा ओटा वगैरे. माझा विचार असा की पाच-सहा लाख घालून चकाचक करायचा आणि वर्ष-दीड वर्षात विकायचा. इन्स्टावर सगळे हेच सांगतात. ८० टक्के लोन होईल असं एजंट म्हणतो. कामाला सुरुवात किचनपासून करू की बाथरूमपासून?

हिशोबी_काका
अहो किचन-बाथरूम राहू द्या, आधी वही काढा. पिंपरी-चिंचवडला स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, म्हणजे २ लाख ९४ हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, एजंटचा एक टक्का धरला तरी ४२ हजार. यातलं स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशनचं बँक धरत नाही, खिशातून जातं, आणि वरचे २० टक्के वेगळे. लोन साडेतेहतीस लाखाच्या आसपास, साडेआठ टक्क्याने दीड वर्षाचं नुसतं व्याजच सव्वाचार लाखाकडे जातं. त्यात तुमचे सहा लाख. म्हणजे छप्पन्न लाखाला विकला तर तुम्ही जेमतेम जागेवर, विकतानाचं कमिशन अजून वेगळंच. आणि दोन वर्षांच्या आत विकलात तर जो काय नफा होईल तो तुमच्या पगारात मिळवून स्लॅबप्रमाणे टॅक्स. दोन वर्षांनंतर साडेबारा टक्के. इन्स्टावाले परदेशातले व्हिडिओ बघून बोलतात, त्यांच्या वहीत आपली स्टॅम्प ड्युटी नसते.

भाड्याने द्यायला किंवा पाच-सात वर्षं ठेवायला घेताय तर गोष्ट वेगळी. आणि फक्त बायकोच्या नावावर घेतलात तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत, ४२ हजार वाचतात, पण खरेदीदार म्हणून एकट्या बाईचंच नाव लागतं, जोडीला तुमचं घातलं की गेली सवलत. रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) भाव पण बघून घ्या, तो जास्त असला तर ड्युटी त्याच्यावर लागते.

सोसायटीची_सेक्रेटरी
मी आमच्या सोसायटीचं काम बघते, तर माझ्या बाजूने सांगते. दादा, टाइल बघण्याआधी सोसायटीचे कागद बघा. मागच्या दोन-तीन एजीएमचे (वार्षिक सभांचे) मिनिट्स मागा, मालकाला मिळतात ते. त्यात रिडेव्हलपमेंटचा विषय आलाय का बघा, कारण ५१ टक्के सभासद हो म्हणाले की गाडी पुढे सरकते आणि तुमचे सहा लाखाचे टाइल-फर्निचर राडारोड्यात. उलट रिडेव्हलपमेंट नक्की असेल तर काहीच न करता नुसता रंग मारून भाड्याने द्या. कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का तेही विचारा, जमीन अजून बिल्डरच्या नावावर असेल तर तिथेच घोडं अडतं. तीस वर्षांवरच्या बिल्डिंगला आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांचे नमुना नियम) दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, रिपोर्ट मागा, नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच आहे.

शेअर सर्टिफिकेट ओरिजनल बघायचं, पहिल्या अॅग्रीमेंटपासूनची चेन आणि प्रत्येकाचं इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा उतारा) बघायचं, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च (मालकी आणि बोज्याची तपासणी) घ्यायचा. ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते ते) २५ हजाराच्या वर कुणी मागितलं तर देऊ नका, "बिल्डिंग फंडाला डोनेशन" म्हणून मागतात काही ठिकाणी.

गवंडी_ते_ठेकेदार
रिनोव्हेशनचं मी सांगतो, पंचवीस वर्षं हेच करतोय. १९९४ची बिल्डिंग म्हणजे पाइप बहुतेक जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) असणार, आतून गंजून निम्मे बंद. त्यामुळे सुरुवात बाथरूमच, आणि पूर्ण फोडायचं. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवून देतो म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. नवीन सीपीव्हीसी (प्लास्टिक पाइपची) लाइन टाकली की भिंत बुजवायच्या आधी प्रेशर टेस्ट, मग कोबा-वॉटरप्रूफिंग, मग पाणी भरून ४८ तास ठेवायचं आणि खालच्या घरात जाऊन त्यांचं छत बघायचं. ते आत घेत नसतील तर आधीच पेढे देऊन ठेवा, पुढे वर्षभर त्यांच्याशीच गाठ आहे. टाइल त्यानंतर.

वायरिंग नवीनच करा. गीझर आणि एसीला ४ एमएमची वेगळी लाइन, प्लगला अडीच, अर्थिंग खरोखर आहे का ते तपासून घ्या आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावाच. बीम-कॉलमला छन्नी लागली नाही पाहिजे, हॉल मोठा करायचा म्हणून भिंत काढायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. पीओपी सीलिंग भाड्याच्या घरात वाया, त्या पैशात चांगले नळ येतात. आणि अॅडव्हान्स कामाच्या टप्प्याने द्या, मी स्वतः ठेकेदार असून सांगतोय. लिफ्ट नाही म्हणजे सिमेंट, वाळू, टाइल सगळं डोक्यावरून तिसऱ्या मजल्यावर आणि राडारोडा गोणीत भरून खाली, ती मजुरी कोटेशनमध्ये वेगळी लिहून घ्या, नाहीतर मधेच वाद होतो.

नवखा_पिंचि
बापरे, डोळे उघडले. विकायचं डोक्यातून काढतो, भाड्याचं बघतो. काका, १३-१४ हजार भाडं येईल म्हणतात तिकडे. आणि एक राहिलं, बेडरूमच्या छताला कोपऱ्यात पिवळट डाग आहे, मालक म्हणतात जुना आहे.

हिशोबी_काका
१४ धरलं तरी वर्षाला १ लाख ६८ हजार, त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, एखादा महिना रिकामा. सगळा खर्च धरून तीन टक्के पण पडत नाहीत. ४२ला नका घेऊ, डाग दाखवून खाली आणा. लीव्ह अँड लायसन्स (भाडेकरार) रजिस्टर करा, ती जबाबदारी कायद्याने मालकाचीच आहे.

सोसायटीची_सेक्रेटरी
वर गच्ची आहे ना? मग तो डाग जुना नाही, नुकताच वाळलेला आहे. गच्चीतून पावसाचं गळणं दुरुस्त करायचा खर्च उपविधींप्रमाणे सोसायटीचा, तुमच्या बाथरूमचं गळणं तुमचं. पण सोसायटीकडे फंड आहे का ते बॅलन्सशीटमध्ये बघा, नसेल तर वर्गणी निघणार आणि त्यात तुम्हीही असणार. टोकन द्यायच्या आधी मालकाने सोसायटीला गळतीचं पत्र दिलंय का विचारा, दिलं असेल तर त्याची पोच मागून घ्या.

गवंडी_ते_ठेकेदार
आणि घाई नसेल तर जुलैत एकदा जाऊन बघा, धो धो पाऊस चालू असताना.