जॉन आयर्लंडचं 'द आयलंड स्पेल' : पाण्याचा टाइपरायटर का होतो?

डावखुरी
इंग्लिश संगीतकार जॉन आयर्लंडची 'द आयलंड स्पेल' ही पियानोची रचना बसवतेय. दीड महिना झाला, पहिल्याच पानावर अडून बसलेय. उजव्या हातात, वर टिपेला, तोच छोटा तुकडा फिरत राहतो. ध्वनिमुद्रणात पाणी ऐकू येतं, माझ्या हातून टाइपरायटर. स्वर घुमत ठेवणारं उजवं पेडल धरून ठेवलं की सगळा चिखल, सोडलं की खडखडाट. फ्रेंच संगीतकार डेब्यूसीचं थोडंफार बसवलंय, म्हणून वाटलं होतं हे सहज जमेल. बोटं कच्ची आहेत की कान?

मंद्रसप्तक
कान. रागावू नकोस. तो तुकडा तू चाल समजून वाजवतेयस. तो तर तानपुरा आहे. चाल त्याच्या खालून येते. आठवडाभर उजवा हात बंद ठेव. नुसती चाल वाजव, जमलं तर गुणगुण. मग वरचा तुकडा तिच्या निम्म्याहून कमी वजनात लाव. बोटं पट्ट्यांना चिकटलेलीच राहू देत, उचलून मारलीस की आलाच टाइपरायटर. आवाज मऊ करणारं डावं पेडल सुरुवातीला वापरू नकोस, ती पळवाट आहे. उजवं मात्र पूर्ण दाबायचं नाही, अर्धंच, आणि खालचा स्वर बदलला की थरथरवून साफ करायचं. गंमत म्हणजे ही रचना लिहिणारा आयर्लंड तेव्हा लंडनच्या चेल्सीत चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, आणि ऑर्गनवर स्वर घुमत ठेवणारं असलं पेडल नसतंच!

वाळूघड्याळ
मंद्रकाका, पेडलचं शंभर टक्के मान्य, तानपुऱ्याचं नाही. तानपुरा जागचा हलत नाही. इथे खालचे स्वर सरकले की वरच्या त्याच टिणटिणीचा रंग बदलतो, आणि मधे तर ती फुगून अख्खा पियानो व्यापते. डावखुरी, तो मधला चढ बघूनच सुरुवात किती हळू करायची ते ठरव.

रचना 1912 ची, 'डेकोरेशन्स' या तीन तुकड्यांच्या संचातली पहिली. नावातलं बेट म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं जर्सी. तिथे भरती-ओहोटीतला फरक 12 मीटरपर्यंत जातो. आग्नेय किनाऱ्यावर मी ओहोटी पाहिली आहे. समुद्र दिसेनासा होतो, नुसते काळे खडक आणि त्यांच्यामधली डबकी. मग पाणी परततं ते लाटांनी नाही, खडकांच्या फटीफटीतून, आवाज न करता. तेव्हापासून सुरुवात मला कारंज्यासारखी ऐकूच येत नाही. आयर्लंडने स्वरलिपीवर कवी आर्थर सायमन्सच्या ओळी छापल्यात, जगाची धूळ मऊ हिरव्या पाण्यात धुऊन टाकण्याबद्दलच्या. मऊ! तुझ्या डेब्यूसीनेही 1904 च्या उन्हाळ्यात याच बेटावर मुक्काम केला होता, पण त्याची 'लील ज्वायूझ' (आनंदी बेट) ही पियानो रचना उन्हात नाचते. तो हात इथे चालायचा नाही.

मंद्रसप्तक
बरं बाई, तानपुरा मागे घेतो. अर्ध्या पेडलचं मात्र मागे नाही घेणार.

डावखुरी
काका, आठ दिवस उजवा हात बंद ठेवला. ताई, कारंजं डोक्यातून काढलं. टाइपरायटर गेला. आता नळ गळल्यासारखं वाजतंय. निदान पाणी तरी आलं.