मदत हवी आहे: झाडूला बक्षीस द्यायचं का?

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या रांगोळी स्पर्धेचं परीक्षण माझ्या गळ्यात पडलंय. एका काकूंची ठिपक्यांची रांगोळी, रेघ कुठे हललेली नाही. शेजारच्या कॉलेजकुमाराने गेरूच्या चौकटीत झाडू आडवा ठेवला, कोपऱ्यात सही. कमिटीत जुंपली! तो मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकाराचा दाखला देतो: १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला त्याने विकतचं मुतारीचं भांडं 'आर. मट' अशी सही ठोकून पाठवलं. (पण तेव्हा ते मांडलं गेलंच नव्हतं!) उलट वारली सवासिणी लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने लिहितात, सहीबिही काही नाही. मग बघायचं काय, हात की डोकं? मला झाडूही आवडलाय, हीच पंचाईत. परीक्षण केलेल्यांनी निकष सांगा. रविवारी निकाल आहे. 'विभागून द्या' सोडून काहीही चालेल.