अनुभव धागा: विद्यापीठातली नोकरी, टेबलाच्या आपल्या बाजूने

विद्यापीठ म्हटलं की लोकांना विद्यार्थी, प्राध्यापक आणि कुलगुरू एवढेच दिसतात. गुणपत्रिका तपासणारे, पात्रता प्रमाणपत्राच्या फायली पुढे सरकवणारे, वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशेबाने, शिकवणारे यांच्या नोकरीबद्दल कॅन्टीनमध्ये भरपूर बोललं जातं, लिहिलं मात्र जात नाही. मी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात आस्थापना विभागात (नेमणुका, रजा, सेवानोंदी बघणाऱ्या) आहे, म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या शिव्या खाणाऱ्या टेबलावर. पेन्शन, रजा, वैद्यकीय बिलं, कंत्राट, संघटना, अधिसभा (सिनेट), जे भोगलंय ते लिहा. विद्यापीठाचं आणि साहेबांचं नाव नको. नेमकं काय अडलं आणि सुटलं असेल तर कसं, ते हवंय.

परीक्षा विभाग, वरिष्ठ लिपिक

माझ्या नोकरीची सगळी कुंडली एका तारखेत आहे: 1 नोव्हेंबर 2005. त्या दिवशी किंवा नंतर जो रुजू झाला त्याला जुनी पेन्शन नाही. आमची जाहिरात त्याच्या आधीची. मुलाखती एकाच आठवड्यात झाल्या. माझ्याबरोबर निवड झालेल्याची ऑर्डर ऑक्टोबरमध्ये निघाली, माझी जातवैधतेच्या कागदासाठी थांबली आणि डिसेंबरमध्ये हातात पडली. आज आम्ही शेजारी बसतो, काम तेच, श्रेणी तीच. तो निवृत्त झाल्यावर शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं आणि वर महागाई भत्ता घेणार. माझे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के कापले जातात, शासन 14 टक्के घालतं, पुढचं बाजाराच्या मर्जीवर.

शिवाय आमच्याकडे सुरुवातीची कित्येक वर्षं या नव्या पेन्शनचं खातंच उघडलं नव्हतं. कपात सुरू झाली तेव्हा मागचा हिशेब कोणी लावायचा यावर दोन कार्यालयांचा पत्रव्यवहार रंगला. जुन्या पेन्शनसाठीचा मार्च 2023 चा संप आठवत असेल. त्यानंतर फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची असेल तर जुन्या पेन्शनचा पर्याय दिला. आम्हाला तो लागू करा म्हणून मी अर्ज केला. जाहिरातीचं कात्रण मी जपून ठेवलं होतं, आस्थापनेकडे नव्हतं! (धागाकर्तीने रागावू नये.) फाईल सध्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात आहे.

धागाकर्ती

रागावत नाही, खरं आहे. जुन्या भरतीच्या फायली गोदामात असतात आणि गोदाम गळतं. सेवापुस्तिकेची दुसरी प्रत स्वतःजवळ ठेवा आणि दरवर्षी नोंदींवर सही घ्या.

ग्रंथालय, कंत्राटी

आमचं दुखणं वेगळं. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक-दोन दिवसांचा खंड, मग नवी ऑर्डर. खंडाच्या दिवशीही मी पुस्तकं देत-घेत असते, फक्त मस्टरवर नसते. गरोदर राहिले तेव्हा ऑर्डर संपायला थोडेच महिने उरले होते. कार्यालयात सांगितलं, "मॅडम, कंत्राट संपेपर्यंत रजा घ्या, पुढचं पुढे." कायम महिला कर्मचाऱ्याला 180 दिवस, मला उरलेले दिवस.

एका वकील मैत्रिणीने सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट 2023 चा निकाल दिला. कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी प्रसूती लाभ पूर्ण द्यावा लागतो, असं त्यात स्पष्ट आहे. आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असलं की कायद्याने हक्क मिळतो. निकालाची प्रत जोडून कुलसचिवांना अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. पैसे मिळाले. पण नवी ऑर्डर बाळ सहा महिन्यांचं झाल्यावरही आली नाही, ती मिळवायला आणखी खेटे घालावे लागले. ते कुठल्या कलमात बसवायचं, कळत नाही.

तासिका तत्त्वावर, भाषा विषय

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2019 मध्ये अतिथी प्राध्यापकाला तासाला 1500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 अशी शिफारस केली. मी ती छापून भिंतीला लावली आहे, शोभेसाठी. प्रत्यक्षात मिळतं त्याबद्दल बोलत नाही. दिवाळीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, उन्हाळ्यात नाहीत, परीक्षेच्या काळातही नाहीत, पण पर्यवेक्षणाला मात्र बोलावणं असतं. बिल सत्र संपल्यावर निघतं. घरमालकाचं सत्र मात्र दर महिन्याला असतं.

आणि प्रतिनिधित्व? 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात शिक्षक म्हणजे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त. त्यामुळे अधिसभेच्या शिक्षक मतदारसंघात आमचं नाव नसतं. पदवीधर म्हणून नोंदणी करून मी मत देतो. म्हणजे जिथे शिकवतो तिथे मला मत आहे ते माजी विद्यार्थी या नात्याने.

शिपाई, मुख्य इमारत

साहेब लोकांसारखं लिहिता येत नाही. बायकोचं ऑपरेशन झालं. बिल लावलं. आधी म्हणाले सिव्हिल सर्जनची सही पाहिजे. ती आणली. मग म्हणाले दवाखाना यादीत नाही. अटॅक यादी बघून येतो का? तातडीचं कारण लिहून आणा म्हणाले, आणलं. निम्मं मंजूर झालं, तेही ग्रँट आल्यावर.

लेखा विभाग, अधिकारी

दुसरी बाजूही येऊ द्या. वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या शीर्षात तरतूद संपली की माझ्या हातात काही नसतं. रिक्त पदं भरायला परवानगी नाही, काम थांबवता येत नाही, म्हणून विद्यापीठ स्वतःच्या निधीतून कंत्राटी माणसं घेतं. हा निधी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येतो. कंत्राटी लोकांना वाढ द्या म्हटलं की शुल्कवाढीविरुद्ध मोर्चा माझ्याच खिडकीखाली येतो. तरीही सांगतो, खंड देण्यामागे हिशेबाचं कुठलंही कारण नसतं. ते फक्त उद्या कोणी सलग नोकरी दाखवून न्यायालयात जाऊ नये म्हणून.

ग्रंथालय, कंत्राटी

हे लेखी द्याल का, सर?

संघटनेचा माजी पदाधिकारी

फेब्रुवारी 2023 मध्ये राज्यभरातल्या शिक्षकेतरांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, त्यात आम्हीही होतो. राज्य कर्मचाऱ्यांसारखी 10, 20, 30 वर्षांनंतरची आश्वासित प्रगती योजना (बढती नसली तरी वरची वेतनश्रेणी) आणि सातव्या वेतन आयोगाचा थकलेला फरक या मोठ्या मागण्या. परीक्षा अडल्या तेव्हा कुठे मंत्रालयात बैठक लागली. त्याआधीच्या निवेदनांना पोचसुद्धा नव्हती.

पण संघटनांनीही आरशात बघावं. मागणीपत्रात कंत्राटींचा मुद्दा शेवटी असतो आणि चर्चेत तोच पहिला सोडला जातो. एका बैठकीत मी हे बोललो तर उत्तर मिळालं, "त्यांची वर्गणी कुठे येते?" संघटनेच्या घटनेत त्यांना सभासदच करता येत नव्हतं, मग वर्गणी येणार कुठून? पुढच्या निवडणुकीत मी उभा राहिलो नाही.

अंतर्गत समितीची सदस्य, शिक्षकेतर

लैंगिक छळाविरुद्धच्या समितीत दोन शिक्षकेतर असावेत, हे यूजीसीच्या 2015 च्या विनियमांत आहे. आमच्याकडे त्या दोन जागांवर मी आणि एक अधीक्षक आहोत. पण बाह्ययंत्रणेकडून आलेल्या सफाई कर्मचारी बायकांना अशी समिती आहे हेच माहीत नसतं. फलक कुलगुरू कार्यालयाबाहेर लावलेला, तिथे त्या झाडायला जातात तेव्हा सकाळचे सात वाजलेले असतात. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. आम्ही आता त्यांच्या हजेरीच्या जागी, मराठीत, फोन क्रमांकासह कागद चिकटवला. पहिल्याच आठवड्यात ठेकेदाराच्या मुकादमाने तो फाडला. पुन्हा लावला, यावेळी कुलसचिवांच्या शिक्क्यासह.

वसतिगृह, रोजंदारी

माझा पीएफ कापतात, पण खात्यात दिसत नाही. ठेकेदार बदलला की आधीचा गायब. काय करायचं?

धागाकर्ती

आधी यूएएन (ठेकेदार बदलला तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक) मागा आणि पासबुक उघडून बघा, कोणत्या महिन्यापासून भरणा थांबला ते लिहून काढा. प्रत्येक ठेकेदाराच्या काळातल्या पगारपावत्या किंवा बँकेच्या नोंदी जोडून भविष्य निर्वाह निधी कार्यालयात तक्रार द्या. त्यात विद्यापीठाचं नाव मुख्य नियोक्ता म्हणून घाला, कारण ठेकेदाराने भरलं नाही तर जबाबदारी तिथवर येते. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयचं (कर्मचारी राज्य विम्याचं) कार्ड मिळालंय का तेही बघा. आणि विद्यापीठाकडे माहितीच्या अधिकारात ठेकेदारांच्या बिलांसोबतची पीएफ चलनं मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. चलनाशिवाय बिल मंजूर झालं असेल तर तो प्रश्न वरच्या लेखाधिकाऱ्यांना विचारू या, ते इथेच आहेत.