वस्तऱ्याचा दगड खोलगट झालाय, सपाट कसा करावा?

पाजळण_सातारा:
बेल्जियमचा पिवळा कोटिक्यूल आहे, १५० × ५० मिमी, खाली पाटीच्या दगडाचा जोड. स्टीलची पट्टी उभी ठेवली की मधून उजेड दिसतो. ग्रॅनाइटच्या तुकड्यावर २२० चा वॉटर पेपर ओला करून ठेवला आणि घासलं. खोलगा तसाच राहिला, उलट कडा गोल झाल्या. कुठे चुकतंय? गॅरेजवाल्यांची व्हॉल्व्ह घासायची पेस्ट चालेल का?

मिरजकर_पटाशी:
पेपर नुसता ठेवला की भिजून फुगतो. दगड सरकवला की त्याच्यापुढे कागदाची लाट उठते आणि तीच कडा खाते. पेपर स्प्रे गमने पूर्ण चिकटवा किंवा पेपर सोडूनच द्या.

पेस्ट अजिबात नको. ती बहुधा तेलकट असते. तेल दगडात मुरलं की पाण्यावर चालवायच्या दगडाची वाट लागते.

१० किंवा १२ मिमी जाडीची काच घ्या, काचवाल्याकडे कापून उरलेला तुकडा स्वस्तात मिळतो. त्यावर ८० नंबरची सुटी सिलिकॉन कार्बाइड पावडर अर्धा चमचा आणि थोडं पाणी. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि आठाच्या आकड्यासारखा फिरवा. दर २५-३० फेऱ्यांनी दगडाची पुढची-मागची टोकं अदलाबदल करून धरा, कारण हाताचा दाब एका बाजूला जास्त पडतोच. करकर आवाज मंदावला म्हणजे दाणा फुटला. पुसून नवी पावडर घाला. मधली शेवटची रेघ पुसली गेली की थांबा. जोडदगडात पिवळा थर मुळात पातळ असतो, उगाच झिजवू नका.

सांगली_धार:
वरच्यात एक भर. काचही झिजते. सारखं मधेच घासलं तर काच खोलगट आणि दगड फुगीर होतो, आणि फुगीर दगडावर वस्तरा डुलतो. काचेचे कोपरेही वापरा, मधून मधून काच पालटा. तपासताना पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवा.

८० नंतर २२०, ४००, ६०० नंबरची, म्हणजे दर वेळी आणखी बारीक, पावडर. प्रत्येक टप्प्याला दगड, काच, हात आणि बादली, सगळं ब्रशने धुवा. ८० चा एक दाणा जरी अडकून राहिला तरी धारेला खाच पडते. शेवटी ४०० च्या पेपरवर कडा ४५ अंशात १ ते १.५ मिमी मारून घ्या. तीक्ष्ण कडेचा टवका उडतो आणि तोच पुढे धारेखाली येतो.

पाजळण_सातारा:
डायमंड प्लेटने (हिऱ्याचे कण बसवलेली धातूची पट्टी) लवकर होईल ना? आणि आपल्याकडच्या काळ्या दगडाची अशीच पट्टी केली तर?

मिरजकर_पटाशी:
कोटिक्यूल मऊ आहे, त्याला प्लेट चालते. फक्त नव्या प्लेटचे ओरखडे खोल असतात, ते ६०० वर काढावे लागतात. अर्कान्सासवर (अमेरिकेतला कठीण धारेचा दगड) मात्र प्लेट घासू नका, प्लेटच बोथट होईल. तिथे सुटी पावडरच. दोन्हींच्या स्वभावातही फरक आहे. कोटिक्यूलमध्ये गार्नेटचे कण सुटून दुधाळ पाणी होतं आणि बरंचसं काम ते करतं. अर्कान्सासचा दाणा सुटत नाही, म्हणून वरचा पृष्ठभाग किती गुळगुळीत त्यावर धार किती बारीक हे ठरतं.

काळा दगड विळ्या-कोयत्याला ठीक. बेसाल्टमध्ये कमी-जास्त कठीण खनिजं शेजारी शेजारी असतात, वस्तऱ्याच्या धारेला ते सोसत नाही. पाट्याला टाकी मारून खरखरीत ठेवतात तो याच दगडाचा खरा उपयोग!

सांगली_धार:
कोरडं घासू नका, ती धूळ फुप्फुसात जाते. उरलेला गाळ मोरीत ओतला तर पाइपात बसून दगड होतो. बादलीत रात्रभर बसू द्या, वरचं पाणी ओता, खालचा कागदात गुंडाळून टाका. जोडदगड पाण्यात भिजत ठेवू नका, डिंक सुटतो. वापरताना वर थोडं पाणी शिंपडलं की पुरतं.