नोव्हेंबरात देवप्रयाग ते ऋषिकेश कयाकने, प्लॅन जमेल का?

नदीवेडा:
नमस्कार मंडळी, आम्ही पुण्याचे चौघे. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग सात-आठ वेळा झालंय, वर्षभर स्विमिंग टँकमध्ये कयाकचा (वल्ह्याची छोटी अरुंद नाव) रोल, म्हणजे उलटल्यावर आत बसूनच ती सुलटी करणं, शिकतोय, तिघांचा बऱ्यापैकी बसलाय. दिवाळीनंतर गंगेवर जायचंय. देवप्रयागपासून ऋषिकेश, रस्त्याने साधारण ७० किमी, तीन दिवस, रात्री नदीकाठी वाळूवर तंबू. सामान कयाकमध्येच कोंबायचं म्हणतोय. कोणी केलंय का? काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.

काठावरचा:
सीझन बरोबर निवडलात. पावसाळ्यात राफ्टिंग बंद असतं, नोव्हेंबरात पाणी हिरवंगार नितळ असतं. पण कुंडलिकेचा अंदाज इथे लावू नका. कोलाडला मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून येतं, ते सोडलं की नदी भरते, नाहीतर दगड दिसतात, आणि रॅपिड (खळाळत्या पाण्याचे टप्पे) ग्रेड २-३ चे, १ म्हणजे सोपा, ६ म्हणजे सर्वात अवघड. गंगेत देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एकत्र येतात, पाण्याचं वजनच वेगळं, शिवाय भागीरथीवर टिहरी आणि कोटेश्वरची धरणं असल्यामुळे दिवसभरात पातळी वरखाली होत राहते. सकाळी बघितलेला रॅपिड दुपारी तोच असेल असं नाही.
आणि वाळूवरच्या तंबूंचं विसरा, कौडियाला-ऋषिकेश पट्ट्यात कॅम्पिंगवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली होती, सध्या कुठे काय चालतं ते तिथल्या लोकांना विचारून घ्या. मुक्काम रस्त्यालगतच्या गेस्टहाऊसमध्येच करा.

ओलीचिंब:
माझा टँकमधला रोल एकदम पक्का होता, दहातले नऊ जमायचे. ऋषिकेशच्या वरच्या अंगाला शिवपुरी आहे, तिच्या खाली रोलर कोस्टर नावाच्या रॅपिडमध्ये उलटले आणि पाणी इतकं गार की छातीच आवळली, दोनदा प्रयत्न फसला, मग स्कर्ट (पाणी आत येऊ नये म्हणून कंबरेभोवती घालून कयाकच्या तोंडावर ताणून बसवतात ते आवरण) ओढून बाहेर पडले आणि पुढे बरंच अंतर वाहत गेले. गुडघा फुटला. म्हणून कळकळीने सांगते, रोलच्या आधी पोहणं शिका, म्हणजे लाटांतलं पोहणं. पाठीवर, पाय पुढे, बोटं पाण्याबाहेर, आणि प्रवाहात कितीही उथळ वाटलं तरी उभं राहायचं नाही, दोन दगडांत पाऊल अडकलं तर पाणी माणसाला खाली दाबून धरतं.

काठावरचा:
अगदी हेच. पहिले दोन दिवस शिवपुरी आणि ऋषिकेशच्या मधल्या ब्रह्मपुरीच्या खालच्या शांत पाण्यात घालवा, एडीत (दगडामागे किंवा काठाला उलटं फिरणारं संथ पाणी) शिरणं-निघणं आणि फेरी करून, म्हणजे नाक प्रवाहाविरुद्ध तिरकं धरून, नदी ओलांडणं हात बसेपर्यंत करा. मग शिवपुरी ते ऋषिकेश, १६ किमी. त्यातला गोल्फ कोर्स हा रॅपिड आधी काठावर उतरून बघा. कौडियालाखालचा 'द वॉल' ग्रेड ४ चा आहे, कयाक खांद्यावर घेऊन चालत गेलात तरी काही बिघडत नाही. सामान सोबतच्या राफ्टमध्ये द्या, जड कयाक रोल करणं अवघड जातं. तिथला एक गाईड आणि प्रत्येकाकडे थ्रो बॅग (वाहत जाणाऱ्याकडे फेकायची दोराची पिशवी), यात काटकसर नको.

नदीवेडा:
खूप आभार दोघांचे. रात्री बाकी तिघांशी बोललो. देवप्रयाग यंदा रद्द, पाच दिवस ब्रह्मपुरी आणि शिवपुरीच करतोय. ज्याचा रोल बसला नाही तो राफ्टमध्ये. वेटसूट इथून न्यावा की तिथे भाड्याने?

ओलीचिंब:
तिथे मिळतो, पण मापाचा मिळेलच असं नाही, स्वतःचा असेल तर न्याच. आणि स्कर्टचा लूप (ओढून स्कर्ट सोडवायचा पट्टा) बाहेर आहे ना, हे प्रत्येक वेळी निघण्याआधी हाताने चाचपून बघा.