कुटुंबाचा ग्रुप : पॅरिसच्या टॅक्सीत लागेल तेवढे फ्रेंच

आत्या (नाशिक) : सर्वांना नमस्कार. आम्ही दोघे पुढच्या महिन्यात पॅरिसला जात आहोत. विमान सकाळी शार्ल द गोल विमानतळावर उतरते आणि हॉटेल माँपारनास भागात आहे. बॅगा आणि ह्यांचा गुडघा पाहता मेट्रोचे जिने नकोत, म्हणून टॅक्सीनेच जायचे ठरवले आहे. टॅक्सीवाल्याशी बोलण्यापुरती वाक्ये कोणी देवनागरीत लिहून देईल का?

ताई (पॅरिस) : आत्या, अवश्य देते. मात्र टॅक्सी कुठून घ्यायची ते आधी सांगते. सामान घेऊन बाहेर पडताना आतल्या दालनातच कोणी ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ आले, तर मानेनेच नकार देऊन पुढे चालत राहा. अधिकृत टॅक्सी पाट्यांवरच्या बाणांनी दाखवलेल्या रांगेतच मिळते. तिच्या टपावर दिवा असतो, तो हिरवा असेल तर गाडी रिकामी आणि लाल असेल तर भरलेली.

आता बोलणे. पहिला शब्द ‘बाँजूर’ हाच असला पाहिजे. चालक पुरुष असेल तर ‘बाँजूर, मस्यो’ आणि स्त्री असेल तर ‘बाँजूर, मादाम’. आपल्याकडे रिक्षात डोके घालून थेट ‘डेक्कन?’ असे विचारले तरी कोणाला त्यात वावगे वाटत नाही, परंतु इथे अभिवादन न करता कामाचे बोलणे उद्धटपणाचे मानले जाते, आणि पुढच्या संपूर्ण प्रवासाचा सूर त्या एका शब्दावर ठरतो, हे मी रोज पाहते. त्यानंतर ‘ज व्हे आ माँपारनास, सिल व्हू प्ले’, म्हणजे ‘मला माँपारनासला जायचे आहे, कृपया’, एवढे म्हणून हॉटेलचा छापील पत्ता पुढे करा. रस्त्याचे नाव उच्चारण्याच्या फंदात पडू नका.

दादा (पुणे) : भाड्याचे काय? मी दहावीपर्यंत फ्रेंच घेतले होते, गुणही चांगले मिळाले होते, परंतु समोरचा भरभर आकडे बोलू लागला की मला आजही काही समजत नाही.

ताई (पॅरिस) : म्हणूनच आकडा आधीच माहीत असलेला बरा. विमानतळ आणि पॅरिस शहर यांच्यामधील टॅक्सीभाडे २०१६ पासून ठरावीक आहे. २०२५ मध्ये शार्ल द गोलहून सेन नदीच्या उजव्या तीरासाठी ५६ युरो आणि डाव्या तीरासाठी ६५ युरो असा दर होता. हा विमानतळ शहराच्या ईशान्येला असल्यामुळे नदीच्या दक्षिणेकडचा डावा तीर महाग पडतो. हे भाडे संपूर्ण गाडीचे असते, माणशी नव्हे, आणि नेहमीच्या सामानाचे वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. निघण्यापूर्वी तारखेप्रमाणे चालू दर तेवढा पाहून घ्या.

आपले हॉटेल कोणत्या तीरावर येते, हे पिनकोडवरून कळते. पॅरिसचे पिनकोड ७५ ने सुरू होतात आणि शेवटचे दोन अंक प्रभागाचा क्रमांक सांगतात. ५, ६, ७, १३, १४ आणि १५ हे प्रभाग डाव्या तीरावर आहेत, बाकीचे उजव्या. तुमच्या हॉटेलचा पिनकोड ७५०१४ असेल, तर तीर डावा. गाडी सुटण्यापूर्वी ‘से ल फॉर्फे?’, म्हणजे ‘ठरावीक भाडेच ना?’, असे शांतपणे विचारा. उत्तरातील आकडा कळला नाही, तर ‘व्हू पूव्हे लेक्रीर, सिल व्हू प्ले?’, म्हणजे ‘लिहून दाखवाल का?’, असे म्हणून मोबाइल पुढे करा. ६५ ला ‘स्वासाँत-सँक’ म्हणतात, एवढा एक आकडा कानाला ओळखीचा करून ठेवा. हॉटेल शहराच्या हद्दीबाहेर असेल, तर मात्र मीटरप्रमाणे पैसे होतात.

काकू (डोंबिवली) : माझीही एक भर. ‘तू द्र्वा’ म्हणजे सरळ आणि ‘आ द्र्वात’ म्हणजे उजवीकडे. ऐकताना दोन्ही इतके सारखे वाटतात की आमच्या सहलीत दिशा सांगताना आम्ही सरळ हातच दाखवत होतो. डावीकडे म्हणजे ‘आ गोश’, त्यात काही घोटाळा होत नाही.

ताई (पॅरिस) : काकू, हाताने दाखवणे सर्वांत उत्तम. उतरायच्या जागी ‘इसी, सिल व्हू प्ले’, म्हणजे ‘इथे, कृपया’. कार्डाने पैसे द्यायचे असतील, तर बसतानाच ‘व्हू प्रने ला कार्त?’ असे विचारा. टॅक्सीत कार्डाचे यंत्र असणे कायद्याने बंधनकारक आहे. शेवटी ‘अँ रस्यू, सिल व्हू प्ले’ म्हणून पावती नक्की घ्या. तिच्यावर गाडीची माहिती असते, त्यामुळे एखादी बॅग मागे राहिली तरी शोध घेता येतो.

आत्या (नाशिक) : फार उपयोगी पडेल. परतताना आम्हाला जिनिव्हाची रेल्वे पकडायची आहे. तेव्हा टॅक्सीवाल्याला नुसते ‘स्टेशन’ म्हटले तर चालेल का?

ताई (पॅरिस) : अजिबात नाही. पॅरिसमध्ये मोठी रेल्वेस्थानके अनेक आहेत. जिनिव्हाची गाडी ‘गार द लियाँ’ येथून सुटते. हे स्थानक पॅरिसमध्येच, बाराव्या प्रभागात आहे, म्हणून ‘गार’ हा शब्द गाळून नुसते ‘लियाँ’ म्हणू नका, कारण ते दूरवरचे वेगळे शहर आहे. तिकिटावर छापलेले स्थानकाचे नाव चालकाला दाखवा. हॉटेलचा पूर्ण पत्ता मला इथेच पाठव, म्हणजे पिनकोड तपासून ही सर्व वाक्ये मोठ्या अक्षरांत एका पानावर लिहून देते.