विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ दिसतंय, तरी ‘लायसन्स संपणार’ असा संदेश येतोय. खरं काय समजायचं?

हिशेबनीस_सांगली

नमस्कार मंडळी. कर सल्लागाराच्या ऑफिसात ६ रिफर्बिश्ड डेस्कटॉप आहेत. सगळ्यांत इंटेलचा आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम आणि विंडोज ११ प्रो. सेटिंग्जमध्ये सहाही ठिकाणी ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ दिसतं, पण चार मशीनवर आता ‘तुमचं विंडोज लायसन्स लवकरच संपेल’ असा संदेश येतो. बिलावर फक्त ‘कॉम्प्युटर सेट, ६ नग’ लिहिलंय, विंडोजचा उल्लेख नाही. दुकानदार म्हणतो, डेस्कटॉपवरची फाइल अँटिव्हायरस बंद करून चालवा, परत सहा महिने बघायला नको.

प्रश्न तीन. लायसन्स खरं की खोटं हे ऑफिसात बसून कसं ओळखायचं? ती फाइल चालवली तर काय बिघडतं? आणि टॅलीचं काम न अडता हे सरळ कसं करायचं?

बायोस_वाचक

आधी ती फाइल चालवू नका. त्यावर खाली लिहितो.

‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ ह्या शब्दाचा अर्थ एवढाच की विंडोजला समोरून होकार मिळाला. तो कुणी दिला आणि कुठल्या हक्काने, हे वेगळं पाहावं लागतं. त्यासाठी तीन तपासण्या करा. कमांड इथे मराठीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरं घ्या.

पहिली: कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. एस-एल-एम-जी-आर लिहा, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि एक्स-पी-आर. ‘कायमचं अ‍ॅक्टिव्हेट’ असं उत्तर आलं तर पुढे बघू. तारीख आली तर ते बहुधा व्हॉल्यूम, म्हणजे मोठ्या संस्थांना एकत्र दिलेलं, अ‍ॅक्टिव्हेशन आहे.

दुसरी: तीच कमांड, शेवटी डी-एल-आय. येणाऱ्या चौकटीत ‘डिस्क्रिप्शन’च्या ओळीत चॅनेल, म्हणजे लायसन्स कुठल्या मार्गाने आलं ते, लिहिलेलं असतं. ‘की’ म्हणजे लायसन्सचा २५ अक्षरांचा क्रमांक. ‘ओईएम डीएम’ म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपनीने (ओईएम) मदरबोर्डात घातलेली की. ‘रिटेल’ म्हणजे सुटी विकलेली की किंवा डिजिटल लायसन्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडे मशीनच्या नावावर नोंदलेला हक्क. ‘व्हॉल्यूम एमएके’ आणि ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ ही मोठ्या संस्थांची चॅनेल, त्यांचा खुलासा खाली येईलच. त्याखाली कीची शेवटची पाच अक्षरं दिसतात, ती टिपून घ्या. विंडोज ११ प्रोवर टी-८-३-जी-एक्स दिसली तर ती केएमएस क्लायंटची सार्वजनिक की. मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहीर केलेली आहे, तिच्यावर कुणाचा मालकी हक्क बसत नाही. ३-व्ही-६-६-टी दिसली तर घाबरू नका. डिजिटल लायसन्सवर चालणाऱ्या प्रोमध्ये हीच सर्वसाधारण की दिसते, खऱ्या मशीनवरसुद्धा.

तिसरी, आणि तुमच्यासाठी सगळ्यांत कामाची: बोर्डात की आहे का ते पाहणं. पॉवरशेलमध्ये गेट-सिम-इन्स्टन्सने ‘सॉफ्टवेअर लायसन्सिंग सर्व्हिस’ हा क्लास मागवा आणि त्यातली ‘ओए३एक्स ओरिजिनल प्रॉडक्ट की’ ही प्रॉपर्टी वाचा. २५ अक्षरांची की आली तर ती फर्मवेअरच्या (बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामच्या) एमएसडीएम तक्त्यात कारखान्यातच घातलेली आहे. ह्याच प्रॉपर्टीच्या नावाला ‘डिस्क्रिप्शन’ जोडलं की ती होमची की प्रोची हेही कळतं. विंडोज ८ पासून कंपन्या प्रत्येक बोर्डात वेगळी की घालतात. त्याआधी व्हिस्टा आणि ७ च्या काळात बायोसमध्ये एसएलआयसी नावाचा तक्ता असायचा आणि एका कंपनीच्या सगळ्या मशीनना एकच की चालायची. एक तक्ता नकली केला की हजारो मशीन ‘खरी’ व्हायची, म्हणूनच वेगळी की आली.

ऑफिसांतून निघालेल्या डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा प्रोची की बोर्डातच असते. विकणारा घाईत सगळ्यांवर एकच तयार इमेज (एका मशीनच्या डिस्कची नक्कल) ओततो आणि खालची खरी की झाकली जाते. म्हणून तिसरी तपासणी सहाही मशीनवर कराच.

सर्व्हररूम_नाशिक

वरच्या मुद्द्याला धरून केएमएसबद्दल.

ही सोय मोठ्या संस्थांसाठी आहे. संस्थेच्या नेटवर्कमधला एक सर्व्हर १६८८ ह्या पोर्टवर ऐकत बसतो आणि बाकीची मशीन त्याच्याकडून अ‍ॅक्टिव्हेट होतात. मुदत १८० दिवस. मशीन दर ७ दिवसांनी त्या सर्व्हरला भेटून मुदत परत १८० वर नेतं, त्यामुळे नीट चालणाऱ्या संस्थेत ‘संपणार’ हा संदेश कधी दिसतच नाही. तुमच्याकडे तो दिसतोय, म्हणजे भेटायला सर्व्हरच नाही.

दुसरी खूण आकड्याची. निदान २५ वेगवेगळ्या मशीननी विचारणा केल्याशिवाय खरा केएमएस सर्व्हर विंडोजच्या डेस्कटॉपला होकार देत नाही. सर्व्हर आवृत्त्यांना ही अट ५ ची. सहा मशीनच्या ऑफिसात खरं केएमएस बसूच शकत नाही. तुमच्या चार मशीनवर केएमएस क्लायंट निघालं तर प्रश्न तिथेच मिटला.

तुमची ती फाइल म्हणजे त्याच मशीनवर बसणारा नकली केएमएस सर्व्हर. विंडोजला वाटतं आपण संस्थेच्या सर्व्हरशी बोलतोय, प्रत्यक्षात ते स्वतःशीच बोलत असतं. हे टिकावं म्हणून अशी साधनं काय काय मागे ठेवतात ते बघा: टास्क शेड्युलरमध्ये ठरावीक वेळी चालणारं काम, एखादी सर्व्हिस आणि डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या, ‘एक्सक्लूजन’ (तपासू नको) यादीत एक फोल्डर. खरा धोका ह्या शेवटच्या गोष्टीत आहे. त्या फोल्डरमध्ये उद्या काहीही येऊन पडलं तरी डिफेंडर तिकडे पाहणार नाही. ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारे प्रोग्राम अशाच साधनांच्या नावाखाली वाटले जातात. कर सल्लागाराच्या मशीनवर अशिलांचे पॅन, जीएसटी आणि बँकेचे लॉगिन असतात.

विंडोज सिक्युरिटीत जा, व्हायरस आणि थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंग्ज, तळाशी एक्सक्लूजन. तुम्ही न घातलेलं काही दिसलं तर स्क्रीनशॉट घ्या. नुसती नोंद पुसून किंवा की काढून मशीन स्वच्छ झालं असं मानू नका. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे हक्क देऊन चालवलेल्या अनोळखी प्रोग्रामने काय काय बदललं ह्याची पूर्ण यादी मिळत नाही. डिस्क पुसून नव्याने विंडोज घाला. आणि त्या मशीनवरून वापरलेले पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला, आधी ईमेल आणि बँक.

हिशेबनीस_सांगली

तपासणी केली. संदेश येणाऱ्या चारही मशीनवर केएमएस क्लायंट, शेवटी टी-८-३-जी-एक्स. पाचवं ओईएम डीएम. सहावं रिटेल, शेवटी ३-व्ही-६-६-टी, ‘कायमचं’. बोर्डातली की: केएमएसवाल्या चारपैकी तिघांत प्रोची आली, एकात रिकामं. पाचव्यात प्रो. सहाव्यातही रिकामं. डिफेंडरच्या एक्सक्लूजनमध्ये चौघांवर सी ड्राइव्हमधलं एक लपवलेलं फोल्डर आहे.

बायोस_वाचक

म्हणजे चित्र बरंच चांगलं आहे. तिघांसाठी एक पैसाही लागणार नाही.

क्रम असा ठेवा. आधी टॅली. कंपनीच्या यादीत डेटाचा जो पथ दिसतो ते पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या मशीनवर उघडून खात्री करा. मग टॅलीचं लायसन्स ‘सरेंडर’ करा, म्हणजे त्या मशीनवरून सोडवून घ्या, कारण तेही मशीनला बांधलेलं असतं. सरेंडर न करता डिस्क पुसली तर परत चालू करताना उगाच दिवस जातो. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचं ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवा. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्या.

मग किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि स्वच्छ मशीनवरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल वापरून तो तयार करा. दुकानदाराचा पेनड्राइव्ह नको. सेटअपमध्ये त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन काढून टाका आणि रिकाम्या जागेवर विंडोज घाला. सेटअप बोर्डातली की स्वतः वाचतो, आवृत्ती विचारत नाही, आणि इंटरनेट मिळालं की अ‍ॅक्टिव्हेट होतो. नंतर डी-एल-आय चालवून चॅनेल ‘ओईएम डीएम’ आलं का ते पाहा. बोर्डात होमची की असेल तर सेटअप न विचारता होम घालतो आणि ‘प्रो कुठे गेलं’ म्हणून लोक गोंधळतात. तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

बोर्ड रिकामं असलेल्या चौथ्याचं कारण दोनांपैकी एक. मशीन मुळात विंडोजशिवाय विकलं गेलं असेल, नाहीतर मदरबोर्ड बदललेला असेल. ओईएम लायसन्स बोर्डाबरोबर जगतं आणि बोर्डाबरोबर संपतं. बिघडलेला बोर्ड मूळ कंपनीने बदलून दिला तर हक्क टिकतो, बाजारातून दुसरा लावला तर नाही. रॅम, डिस्क, ग्राफिक्स कार्ड खुशाल बदला. एक्सपीच्या काळात विंडोज मशीनचे दहा घटक ताडून पाहायचं, तेव्हाही थोडे बदल चालायचे आणि नेटवर्क कार्डाला इतरांपेक्षा जास्त वजन होतं. आता बोर्डाला सगळ्यांत जास्त. बोर्ड बदलल्यावर सी-००४-एफ-२११ हा एरर येतो, अर्थ ‘हार्डवेअर बदललेलं दिसतंय’. तिथे डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला आधीच जोडलेलं असेल तर ट्रबलशूटरमधून नव्या बोर्डावर नेता येतं. ही सोय विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून आहे. पण मूळ हक्क रिटेल असेल तरच हे नियमात बसतं.

सहाव्याबद्दल कमांड शेवटचं सांगू शकत नाही. खरं डिजिटल लायसन्स असू शकतं, नकली मार्गाने मिळवलेलंही असू शकतं, चौकटीत दोन्ही सारखंच दिसतं. विक्रेत्याकडे त्या मशीनच्या लायसन्सचा लेखी पुरावा मागा. मायक्रोसॉफ्टचे अधिकृत रिफर्बिशर मशीनवर स्वतःचं वेगळं लेबल लावतात, तेही शोधा.

स्टिकर_तपासनीस

चौथ्या मशीनच्या कॅबिनेटवर विंडोज ७ चं जुनं स्टिकर सापडलं तर त्यावर वेळ घालवू नका. ७ आणि ८ च्या कीवर नवं विंडोज मोफत चालू करण्याची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. शिवाय आठव्या पिढीच्या बोर्डावर ते स्टिकर असेल तर कॅबिनेट एका मशीनचं आणि बोर्ड दुसऱ्याचं.

ज्यांना खरंच पुसट स्टिकर वाचायचंय त्यांच्यासाठी: कीमध्ये फक्त २४ चिन्हं येतात. ए, ई, आय, ओ, यू नाहीत, एल, एस, झेड नाहीत, आणि शून्य, १, ५ हे आकडेही नाहीत. एन फक्त ८ पासूनच्या कीमध्ये. म्हणून शून्य वाटतं ते क्यू किंवा डी असतं. ५ किंवा एस वाटलं तर अक्षर झिजलंय, बहुधा ८ किंवा बी. बी आणि ८ ह्यांची गल्लत सगळ्यांत जास्त. भिंग घ्या आणि टॉर्च तिरका धरा, कागदात शाईचा ठसा दिसतो.

कलम_वाचणारा

कायद्याची बाजू, कारण हे ऑफिस आहे, घर नव्हे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे, प्रत बेकायदा आहे हे माहीत असूनही संगणकावर वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. ऑफिसला ही सवलत धरता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं: हक्काचा भंग करायच्या हेतूने संरक्षणाचं तांत्रिक कुलूप चुकवणं हाच वेगळा गुन्हा, २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘माहीत असूनही’ हे शब्द नीट वाचा. कालपर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं, आज आहे. ती फाइल चालवली तर ‘दुकानदाराने दिलं’ हे म्हणणं टिकणं कठीण.

चार-पाचशे रुपयांच्या ऑनलाइन कीबद्दलही सांगतो. त्यातल्या बऱ्याच कुठल्यातरी संस्थेच्या एमएके की असतात. एमएके म्हणजे एकच की ठरावीक संख्येपर्यंत अ‍ॅक्टिव्हेट होते. ती फुटून बाजारात येते, चालते, मग मर्यादा संपते, किंवा मायक्रोसॉफ्ट ती बंद करतं तेव्हा सी-००४-सी-००३ हा एरर येतो. की चालली म्हणून हक्क मिळाला असं होत नाही. आणखी एक, विंडोजचं व्हॉल्यूम लायसन्स फक्त अपग्रेडसाठी असतं. बोर्ड रिकामं असलेल्या मशीनवर खाली मूळ लायसन्स नसेल तर वरून व्हॉल्यूम घेऊन भागत नाही. त्या मशीनसाठी जीएसटी बिलासह रिटेल प्रो घ्या. बिलावर आवृत्तीचं पूर्ण नाव लिहून घ्या.

लॅब_असिस्टंट_कोल्हापूर

ह्याच धाग्यात विचारतो. कॉलेजकडे खरा केएमएस आहे, लॅबमध्ये ४० मशीन, तरी सगळीकडे सी-००४-एफ-०३८ येतो. सर्व्हरवर मोजणी १ च्या पुढे जात नाही.

सर्व्हररूम_नाशिक

एका मशीनची डिस्क क्लोन करून ४० वर ओतली असणार. केएमएस मशीन मोजतो ते क्लायंट मशीन आयडीवरून, आणि क्लोनमुळे चाळिसांचा आयडी एकच झालाय. म्हणून सर्व्हरला एकच मशीन दिसतं.

खात्रीसाठी दोन मशीनवर एस-एल-एम-जी-आर, तिरकी रेघ, डी-एल-व्ही चालवा आणि ‘क्लायंट मशीन आयडी’ची ओळ ताडून पाहा. सारखी असेल तर प्रत्येक मशीनवर एस-एल-एम-जी-आर, तिरकी रेघ, आर-ई-ए-आर-एम चालवून रीस्टार्ट करा (त्याने आयडी नवा होतो), मग तीच कमांड, शेवटी ए-टी-ओ, म्हणजे लगेच होकार मागणं. रीआर्म मोजकेच वेळा करता येतं, शिल्लक किती तेही डी-एल-व्हीमध्ये दिसतं, म्हणून उगाच दोनदा चालवू नका. मोजणी २५ होईपर्यंत तोच एरर येत राहील. मग मागच्यांवर परत ए-टी-ओ. सर्व्हर प्रत्येक मशीनचा आयडी ३० दिवस लक्षात ठेवतो, त्यामुळे सुट्टीत लॅब महिनाभर बंद राहिली तर मोजणी खाली येते.

पुढच्या वेळी इमेज घेण्याआधी सिसप्रेप (मशीनची स्वतःची ओळख पुसणारं विंडोजचं साधन) ‘जनरलाइज’ पर्यायाने चालवा. आणि एरर सी-००४-एफ-०७४ झाला तर तो मोजणीचा नसून सर्व्हर न सापडल्याचा. आधी १६८८ पोर्ट फायरवॉलमध्ये उघडं आहे का आणि डीएनएसमध्ये केएमएसची एसआरव्ही नोंद (सर्व्हर कुठे आहे ते मशीनना सांगणारी) आहे का ते पाहा. मग दोन्ही बाजूंची घड्याळं. वेळेत ४ तासांपेक्षा जास्त फरक असला तरी सर्व्हर नकार देतो. जुन्या लॅबमध्ये सीमॉसचा (बोर्डावरचं घड्याळ चालू ठेवणारा) सेल संपलेला असतो आणि मशीन दर सकाळी कुठल्यातरी जुन्या तारखेला उठतं. सीआर२०३२ सेल बदलला की बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

हिशेबनीस_सांगली

तिघांवर नव्याने विंडोज घातलं, तिन्ही ‘ओईएम डीएम’ आणि ‘कायमचं’. टॅली आधी सरेंडर केलं होतं, त्यामुळे लगेच चालू झालं. चौथं नेटवर्कमधून काढून ठेवलंय, रिटेल प्रोचं बिल आलं की त्यावर घालणार. सहाव्याचा लेखी पुरावा दुकानदाराकडे मागितलाय.